एडिटरमध्ये स्क्रिप्ट, मॅक्रो, प्लगिन वापरताय? मराठी मजकुराची वाट लावणाऱ्या या चुका टाळा

समजा, संस्थेच्या वार्षिक अहवालात जिथे जिथे ‘रु.’ आहे तिथे ‘₹’ घालायचं आहे. नोटपॅड प्लस प्लस या टेक्स्ट एडिटरमध्ये कंट्रोल एच दाबलं, वर ‘रु.’ लिहिलं, खाली ‘₹’, आणि ‘रिप्लेस ऑल’. क्षणात काम झालं. मग छापायला देण्याआधी कुणाच्या तरी लक्षात येतं की कार्यकारिणीची बैठक ‘गु₹ारी’ झाली आहे आणि देणगीचे ‘पाच हजार रुपये’ आता ‘पाच हजार ₹ये’ आहेत.

झालं असं, की शोधाची पद्धत मागच्या कामापासून ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’वरच, म्हणजे खुणांनी लिहिलेल्या नमुन्याने शोधण्यावरच, राहिली होती. तिथे टिंबाचा अर्थ ‘कोणतंही एक अक्षर’. त्यामुळे ‘रु’नंतरचा ‘व’ आणि ‘प’सुद्धा गिळला गेला. पद्धत ‘नॉर्मल’ केली तरी पुरतं सुटत नाही, कारण एखादं वाक्य ‘गुरु.’ने संपत असेल तर त्याचंही ‘गु₹’ होणार. एडिटरला शब्द ठाऊक नसतात, त्याला फक्त चिन्हांची रांग दिसते. म्हणून अट आपण घालायची: ‘रु’च्या आधी ओळीची सुरुवात, मोकळी जागा किंवा कंस हवा आणि नंतर आकडा हवा.

शोध: (^|[ (])रु\. ?([0-9०-९])
बदल: \1₹\2

मराठी मजकुरावर चालवलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे कामं आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, बिघडतात तेव्हा कोडमध्ये दोष असतोच असं नाही. मजकूर आतून कसा साठवला आहे हे न पाहता हुकूम दिलेला असतो, घोळ तिथे होतो. इंग्रजी मजकुरावर तीच स्क्रिप्ट बिनबोभाट चालते, म्हणून हे दुखणं लवकर सापडतही नाही.

आधी मोजा, मग बदला

शोधाच्या त्याच खिडकीत ‘काउंट’ नावाचं बटण आहे. ‘रिप्लेस ऑल’च्या आधी ते दाबायची सवय लावा. अहवालात रकमा साधारण साठ आहेत आणि मोजणी चारशे सांगते आहे, तर नमुना चुकलाय. शंका असेल तर ‘फाइंड ऑल इन करंट डॉक्युमेंट’ दाबा. सापडलेल्या सगळ्या ओळी खाली एकत्र दिसतात आणि त्यांवरून नजर फिरवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

तिथेच टिंबाने नवी ओळही ओलांडावी की नाही हे ठरवणारी एक चौकट आहे. ती चौकट चालू असताना कुणी दोन खुणांच्या मधला मजकूर पकडायला .* असा नमुना टाकला, तर पहिल्या खुणेपासून थेट शेवटच्या खुणेपर्यंतचा सगळा मजकूर एकाच घासात जातो. टिंब-तारा लिहिताना पुढे प्रश्नचिन्ह जोडून .*? केलं, की तो जवळची खूण सापडताच थांबतो.

एवढं चुकलं तरी कंट्रोल झेड हाताशी असतं. ‘रिप्लेस इन फाइल्स’मध्ये मात्र ते नसतं. हा पर्याय फोल्डरमधल्या न उघडलेल्या फाइलींमध्ये बदल करून थेट डिस्कवर लिहितो. तिथून मागे यायचं तर आधी काढून ठेवलेली प्रत किंवा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं गिट, तिसरी वाट नाही. फाइलींच्या गाळणीत *.* तसंच ठेवू नका. नेमकं ज्या प्रकारच्या फाइलींवर काम करायचं आहे तेवढंच नाव द्या, नाहीतर जवळच ठेवलेल्या सेटिंगच्या फाइलीही बदलतील.

दिसायला एक, आतून निराळं

हा भाग सगळ्यात जास्त डोकं खातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तीन प्रकारे साठवलेला सापडतो. पहिल्यात नुक्ता (खालचा ठिपका) असलेला ‘ऱ’ हे एकच चिन्ह, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग ‘या’. दुसऱ्यात साधा ‘र’, त्यापुढे वेगळा नुक्ता, मग हलन्त. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे चिन्ह. कीबोर्ड वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं, की साठवणही वेगळी. एकाच फाइलीत तिघांनी टंकलेलं असेल तर तिन्ही प्रकार नांदतात. तुम्ही ‘दुसऱ्या’ शोधता, दहा ठिकाणी सापडतो, आणि समोर पडद्यावर दिसणारा अकरावा सापडत नाही. मग प्लगिनला, म्हणजे एडिटरला जोडलेल्या पूरक सॉफ्टवेअरला, दोष दिला जातो.

पहिले दोन प्रकार पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधल्या ‘नॉर्मलाइज’ने एकरूप होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ही जोडी घालणारी वेगळी ओळ लिहावी लागते. इथे अनेक जण ‘न दिसणारी सगळी चिन्हं पुसून टाका’ अशी एका ओळीची स्क्रिप्ट चालवतात. ती चालवू नका. जॉइनर गेला की ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो, आणि जिथे मुद्दाम अर्धं अक्षर सुटं दाखवलेलं असतं तिथे जोडाक्षराचं रूप बदलतं.

‘ॲ’चंही तसंच. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये 2008 साली 5.1 या आवृत्तीत आलं. त्याआधीचा, आणि आजही काही कीबोर्डवरून येणारा, ‘अॅ’ म्हणजे ‘अ’ अधिक अर्धचंद्र. छापल्यावर दोन्हींत फरक दिसत नाही, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर आहेत. ‘नॉर्मलाइज’ त्यांना जोडत नाही, हेही काम आपल्यालाच करावं लागतं.

नोटपॅड प्लस प्लसच्या नव्या आवृत्त्यांत ‘व्ह्यू’ मेनूच्या ‘शो सिम्बॉल’मध्ये अशी अदृश्य चिन्हं दाखवायची सोय आहे. शोध अडला, की आधी ती चालू करून पाहा.

जाता जाता यादी क्रमाने लावण्याबद्दल. ‘सॉर्ट लाइन्स’ ही आज्ञा अकारविल्हे लावत नाही, ती युनिकोडच्या क्रमांकाने लावते. त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये बसतो, ‘ह’च्या नंतर नाही. ‘क्ष’ हा ‘क’च्या घरात जातो आणि ‘ॲ’ने सुरू होणारे शब्द तर मराठी आकड्यांच्याही मागे, यादीच्या तळाशी जातात. शब्दसूची किंवा सभासदांची यादी करताना हे ध्यानात असू द्या.

पायथन स्क्रिप्टमधला सापळा

‘पायथन स्क्रिप्ट’ हे नोटपॅड प्लस प्लसचं फार कामाचं प्लगिन आहे. त्यातून एडिटरच्या जवळपास सगळ्या क्रिया हाताळता येतात. पण नोटपॅड प्लस प्लसचा गाभा असलेला ‘सिंटिला’ हा घटक मजकुरातली जागा बाइट या साठवणीच्या एककात मोजतो, आणि युटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं. ‘नमस्कार’ या शब्दाची लांबी पायथन 7 सांगेल, एडिटर 21 सांगेल. पायथनमध्ये मोजलेला 7 हा आकडा एडिटरला दिला, तर तो तिसऱ्या अक्षराच्या पोटात जाऊन पोहोचतो. तिथे काही घुसवलं की ते अक्षर फुटतं. इंग्रजी मजकुरावर दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून इंग्रजीवर तपासलेली स्क्रिप्ट मराठीवर बिनधास्त चालवू नये. जागा मोजायची ती एडिटरकडूनच, किंवा पूर्ण ओळ बाहेर घेऊन, पायथनमध्ये बदलून, पूर्ण ओळच परत ठेवायची. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

ओळी काढून टाकणारी स्क्रिप्ट वरून खाली चालवली तर आणखी एक घोळ होतो. पाचवी ओळ गेली की सहावी पाचव्या जागी येते आणि स्क्रिप्ट मात्र पुढच्या सहाव्याकडे वळते. एक ओळ न तपासता सुटली. अशी कामं नेहमी खालून वर करावीत. शिवाय सगळे बदल ‘बिगिन अनडू ॲक्शन’ आणि ‘एंड अनडू ॲक्शन’ यांच्यामध्ये ठेवले, की एकाच कंट्रोल झेडमध्ये फाइल पूर्ववत होते. नाहीतर हजार बदलांसाठी हजार वेळा मागे यावं लागेल.

पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ दाखवणारी खूण काना, वेलांटी, उकार, हलन्त यांना अक्षर मानत नाही. ‘मराठी’ या शब्दाचे तुकडे पडून ‘मर’ आणि ‘ठ’ एवढंच हाती येतं. शब्द मोजणाऱ्या स्क्रिप्ट मराठीत अवाच्या सवा आकडे देतात त्यामागे हे असतं. त्याऐवजी [ऀ-ॿ] असा देवनागरीचा पूर्ण पट्टा द्या. पट्ट्यात दंड आणि मराठी आकडेही येतात, ते नको असतील तर वगळा. जॉइनर मात्र या पट्ट्याबाहेर आहे, तो वेगळा जोडावा लागतो. आकड्यांच्या खुणेचंही भाषेगणिक बदलतं: पायथन 3 मध्ये तिला ०-९ चालतात, जावास्क्रिप्टमध्ये चालत नाहीत.

स्क्रिप्ट चालली पण काहीच झालं नाही, तर प्लगिनच्या मेनूतून ‘शो कन्सोल’ उघडा. चूक तिथे लिहिलेली असते. जालावर मिळणाऱ्या बऱ्याच जुन्या स्क्रिप्ट पायथन 2.7 साठी लिहिलेल्या आहेत, आणि प्लगिनची तिसरी आवृत्ती पायथन 3 वर चालते. ‘प्रिंट’ला कंस नाही म्हणून पहिल्याच ओळीत अडलेली स्क्रिप्ट मी कितीदा तरी पाहिली आहे. ‘स्टार्टअप’ स्क्रिप्ट आपोआप सुरू होत नसेल तर प्लगिनच्या ‘कॉन्फिगरेशन’मध्ये ‘इनिशियलायझेशन’ हे ‘लेझी’वर आहे का पाहा. ते ‘ॲट स्टार्टअप’वर हवं.

एन्कोडिंग

एन्कोडिंग म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत. ‘एन्कोडिंग’ मेनूत वर नुसतं ‘युटीएफ-8’ आहे आणि खाली ‘कन्व्हर्ट टू युटीएफ-8’ आहे. वरचं फक्त वाचायची पद्धत बदलतं, खालचं मजकूर खरोखर रूपांतरित करतं. ‘आन्सी’ या जुन्या एन्कोडिंगच्या फाइलीत देवनागरी चिकटवून जतन केलं की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, आणि फाइल बंद केल्यावर मूळ अक्षरं परत येत नाहीत. म्हणून स्क्रिप्ट चालवण्याआधी खालच्या पट्टीत उजवीकडे एन्कोडिंग काय लिहिलंय ते वाचा. पायथनमधून थेट फाइल उघडत असाल तर एन्कोडिंग स्पष्ट लिहाच. विंडोजवर ते गृहीत धरू नये.

मॅक्रो अर्ध्यात भरकटतो तेव्हा

मॅक्रो म्हणजे एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवायच्या क्रिया. त्यात माउसच्या क्लिक नोंदल्या जात नाहीत. रेकॉर्डिंगची सुरुवात ‘होम’ने करा, शेवट खालच्या ओळीवर जाऊन करा. ‘वर्ड रॅप’ बंद ठेवा, कारण ते चालू असताना ‘एंड’ आणि खालचा बाण खऱ्या ओळीऐवजी पडद्यावर दुमडलेली ओळ पाहतात. लांब परिच्छेद आला की मॅक्रो चुकतो तो त्यामुळेच. साठवलेला मॅक्रो हाताने दुरुस्त करायचा असेल तर नोटपॅड प्लस प्लस पूर्ण बंद करून साध्या नोटपॅडमधून करा, नाहीतर बंद होताना तो स्वतःची जुनी नोंद पुन्हा वर लिहू शकतो.

प्लगिन दिसत नाही, किंवा आल्यापासून एडिटर अडखळतोय

64 बिटच्या एडिटरमध्ये 32 बिटचं प्लगिन चालत नाही. हाताने टाकलेलं प्लगिन आवृत्ती 7.6 पासून त्याच्याच नावाच्या उपफोल्डरमध्ये असावं लागतं. त्याहून जुने सल्ले वाचून फाइल सरळ ‘प्लगिन्स’मध्ये टाकली तर ते दिसणारच नाही. ‘प्लगिन्स ॲडमिन’मधून घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये दोन एक्स्टेन्शन (तिथली प्लगिन) एकाच फाइलीची मांडणी करू लागली की जतन करताच मजकूर हलतो. ‘डिफॉल्ट फॉरमॅटर’ एकच ठरवा. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा पुसण्याचं सेटिंग मार्कडाउनसाठी (साध्या खुणांनी मांडणी लिहायच्या पद्धतीसाठी) बंद ठेवा, कारण तिथे शेवटच्या दोन मोकळ्या जागा म्हणजे ओळ तोडण्याची खूण असते. गुन्हेगार कोणता हे कळत नसेल तर कमांड पॅलेटमधून ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ चालवा. ते अर्धी एक्स्टेन्शन बंद करून विचारतं, दोष गेला का? उत्तराप्रमाणे पुन्हा अर्धी. चाळीस असली तरी पाच-सहा प्रश्नांत नाव हाती येतं.

आणि प्लगिन तुमच्याच अधिकारांनी चालतं, हे गांभीर्याने घ्या. तुम्हाला वाचता येणारी प्रत्येक फाइल त्यालाही वाचता येते, आणि पुढचं वाक्य सुचवणारी अनेक एक्स्टेन्शन उघड्या फाइलीतला मजकूर सर्व्हरकडे पाठवतात. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, रुग्णांच्या नोंदी असलेल्या फाइलींसाठी व्हीएस कोडमध्ये एकही एक्स्टेन्शन नसलेलं वेगळं प्रोफाइल करून ठेवा. नोटपॅड प्लस प्लसच्या शॉर्टकटची दुसरी प्रत करून तिच्या आज्ञेच्या शेवटी ‘नो प्लगिन’चा पर्याय जोडला, की तोही प्लगिनशिवाय उघडतो.