खाडीच्या काठावरून बास आणि फ्लाउंडरची गळाने मासेमारी

भरतीचे पाणी खाडीत शिरू लागले की बास मासा त्याच्या पुढच्या धारेबरोबर गुडघाभर पाण्यातही येतो, म्हणून सुरुवातीला गळ लांब फेकण्याचा मोह टाळून तो काठाजवळच्या चरांत टाकावा. चपटा फ्लाउंडर तळाच्या चिखलावर पडून असतो; त्याच्यासाठी चिखलातला समुद्री किडा किंवा कात टाकणाऱ्या खेकड्याचा तुकडा लावून दोरीला बांधलेले शिशाचे वजन तळावरून हळूहळू ओढावे, कारण उठणारा गढूळपणा त्याचे कुतूहल चाळवतो. तो आमिष सावकाश गिळतो, तेव्हा दोरीला झटका देण्याची घाई करू नये. बासच्या पाठीवरचे काटे आणि कल्ल्यांच्या झाकणांच्या कडा तीक्ष्ण असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्या पाठीमागचे चर भरतीच्या पाण्याने अनेकदा आधी भरतात, म्हणून परतीची वाट मोकळी असतानाच मागे सरावे.