पऱ्हाटीत पंप नेण्याआधी बोंड फोडून पाहा

पोळा झाला, पाऊस भोळा झाला, की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-सावनेरकडच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, प्रोफेनोफॉस या कीटकनाशकाचे डबे उघडू लागतात. पोळ्याच्या अमावस्येला फवारा मारायचाच, असं बरेच जण धरून चालतात. त्यामागे कारण आहे. गुलाबी बोंडअळीचे पतंग अंधाऱ्या रात्री जास्त अंडी घालतात आणि हे औषध अंडीही मारतं. पण तुमच्या वावरात पतंग किती, ते कॅलेंडरला काय ठाऊक?

एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणारे) लावा. सलग 3 रात्री एका सापळ्यात 8-8 पतंग पडले, किंवा वावरभर फिरून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी 2 मध्ये जिवंत अळी निघाली, तरच पंप भरा. बोंड वरून धडधाकट दिसतं, म्हणून फोडूनच पाहायचं. डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्यानं न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या की तोडून अळीसकट नष्ट करा.

प्रोफेनोफॉस 50 ईसी 10 लिटर पाण्याला 20 मिली, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30. डब्यावरचं लेबल वाचा आणि मापानंच घ्या. झाकणाचा अंदाज नको.

आता पंप पाठीवर घेणाऱ्याचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. हे विष नाकातोंडातून जातंच, घामेजल्या कातडीतूनही आत शिरतं. गेल्या हंगामात हिंगण्याकडे पाहिलं: पंपाचं झाकण पाझरत होतं, सालदाराचा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि धुऱ्यावर बसून तो त्याच हातानं पन्नीतला तंबाखूचा खर्रा तोंडात टाकत होता. मालकानं महागाचं औषध आणलं होतं, हातमोजे मात्र नाही.

झाकणाचा वायसर आधी बदला. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. फवारा सकाळी, वाऱ्याकडे पाठ करून मारा. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत एकट्यानं शिरू नका.

लाळ गळणं, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, उलटी, अंग फडफडणं, यातलं काही दिसलं की कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि थेट दवाखाना गाठा. लिंबू-ताक पाजत बसू नका, उलटीही काढू नका. लेबलासकट डबा सोबत न्या. कोणतं विष ते कळलं की डॉक्टरांना अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याचा उपचार लवकर धरता येतो.

रिकाम्या डब्याला लगेच भोक पाडा. पुढच्या हंगामात त्यातून प्यायचं पाणी वावरात नेणारे अजून आहेत.