महाबळेश्वर ते गुहागर: दोघांनी गाडीने निघण्याआधी

पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून खेड, दापोली, हर्णै, दाभोळची फेरीबोट, गुहागर आणि परतताना चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयना. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चार-पाच मुक्काम काढून दोघांनी करावी अशी ही वाट आहे. पण खोली बुक करायच्या आधी दिनदर्शिका काढा आणि तिथी बघा. मुहूर्तासाठी नाही, भरतीसाठी. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं आणि गुहागरजवळच्या हेदवीची बामणघळ ओहोटीत गप्प पडलेली पाहून परतावं लागलं.

हिशेब किनाऱ्यावरचा जुनाच आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. दोन्ही पक्षांना हेच गणित, आणि दिवसा जी वेळ साधारण तीच रात्री. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर त्या गावचा तक्ताही बघा. पण मुक्कामाच्या तारखा ठरवायच्या त्या तिथीवरूनच. सुट्ट्या आधी टाकून मग भरती शोधत बसलात तर समुद्र तुमच्यासाठी थांबणार नाही.

बामणघळ म्हणजे किनाऱ्याच्या खडकातली अरुंद चीर. भरतीची लाट आत कोंडली की पाणी उसळून वर उडतं. ते बघायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्येला, किंवा दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला तिथे असा. तेव्हा उधाण असतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, त्यात तो जोर नाही. आणि फोटोसाठी कडेला जाऊ नका. खडक शेवाळलेला असतो आणि एखादी लाट बाकीच्यांपेक्षा मोठी येतेच.

गाडीचं थोडक्यात. कागदपत्रं, स्टेपनी, ब्रेक हे सांगायला नको. टाकी वाईला भरा. आंबेनळी उतरताना दुसरा गिअर ठेवा, सतत ब्रेक दाबून तो तापवू नका. गाडीची दुसरी चावी दुसऱ्याच्या खिशात हवी; दोघंच असताना एकुलती चावी हरवली तर दिवस गेला. शेजारी बसणाऱ्याला गाडी लागत असेल तर पसरणी घाटाआधी भरपेट नाश्ता नको, आवळासुपारी हाताशी ठेवा. लायसन्स दोघांकडे असेल तर घाट वाटून घ्या. रोख पैसे न्या, बोटीवर रेंज मिळेलच असं नाही.

प्रतापगड वाटेवरच आहे, सकाळी लवकर चढा. तो आणि हर्णैचा सुवर्णदुर्ग, दोन्ही किल्ले 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. एकाच फेरीत डोंगरी आणि पाण्यातला असे दोन्ही बघायला मिळतात, हे मला या वाटेचं सर्वात मोठं देणं वाटतं. सुवर्णदुर्गाची बोट वारा आणि पाणी बघून निघते. म्हणून पुन्हा तेच: भरती कधी, ओहोटी कधी, हे तुम्हाला आधी माहीत हवं. बोटवाल्याशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा, मासळीचा लिलाव बघायला हर्णै बंदरावर जाल तेव्हाच. उतरताना पाय भिजतील असं धरून चपला घाला.

पुळणीवर गाडी नेऊ नका. हर्णैजवळच्या मुरुडला चार गाड्या उभ्या दिसल्या तरी नेऊ नका. अष्टमीच्या दिवशी दुपारी किनारा रुंद, कोरडा दिसतो, आणि सूर्यास्ताला, सहाच्या सुमाराला, पूर्ण भरती असते. ओल्या वाळूत चाक रुतलं की पाणी येईपर्यंत ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. तिथी बघितली असेल तर हे आपोआप टळतं. बघितली ना?

दाभोळ ते धोपावे फेरीबोटीत गाडी चढते, चिपळूणचा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीवर विसंबू नका, उजेडी पोचा. गुहागरला दोन रात्री ठेवा. हेदवी आणि वेळणेश्वर तिथून होतात.

जंगलाचं सांगायचं तर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चांदोली याच फेरीत कोंबू नका, तिची वाट वारणेकडून आहे. कोयनेला आत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. नाहीतर कोयनानगरचं नेहरू उद्यान बघा आणि पुढे निघा. वाघ दिसेल या आशेवर जाऊ नका.

कुंभार्ली दिवसा चढा. पाटणला जेवा. उंब्रजला महामार्ग लागतो. रविवार असेल तर दुपारी तीनच्या आत खंबाटकी ओलांडा.