घरच्या वर्कशॉपसाठी लेथ: पट्ट्याचा की ऑल गिअर?
घरी बुश, पिना, छोटे शाफ्ट एवढंच काम असेल तर माझं मत पट्ट्याच्या लेथला, म्हणजे ज्यात स्पीड पट्टा सरकवून बदलतात. आवाज कमी, फिनिश चांगलं, आणि टूल जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) रुतलं तर बहुधा पट्टाच घसरतो. मात्र बॅक गिअर (स्पीड कमी करून जोर वाढवणारे गिअर) आहे ना, हे आधी पाहा. त्याशिवाय मोठ्या व्यासाचं काम आणि आटे पाडणं जड जातं. स्पीड बदलताना मेन स्विच बंद करून पट्टा हाताने सरकवावा लागतो, थोडा वेळ जातो.

राजकोट किंवा बटाल्याचा जुना ऑल गिअर लेथ (स्पीड गिअरने बदलणारा) मिळत असेल, तर हेडस्टॉकचं (जॉब फिरवणाऱ्या, गिअर असलेल्या पेटीचं) झाकण उघडून गिअरचे दात तपासा, प्रत्येक स्पीडला चालवून आवाज ऐका. मोटर थ्री फेज असेल तर घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारं उपकरण) लागेल. तो खर्च किमतीत धरूनच भाव करा.