फॉर्म १०-सी वर सही घेण्याआधी: नागपुरातील नव्या एचआर सहकाऱ्यांसाठी अनुभवकथन

हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहानमधील कंपनीत एचआर अथवा पेरोल विभागात नुकतेच रुजू झालेले तरुण सहकारी भेटले की त्यांचा एक प्रश्न हमखास असतो. व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांच्या आर्थिक स्वास्थ्यासाठी काहीतरी करायला सांगितले आहे, तर कोणता कार्यक्रम ठेवावा? बहुतेकांच्या मनात म्युच्युअल फंडावरचे तासाभराचे व्याख्यान असते. मी त्यांना सांगतो की, व्याख्यान पुढच्या वर्षी ठेवा; यंदा प्रत्येक कामगाराची पेन्शनची सेवा, म्हणजे पेन्शनसाठी मोजली जाणारी नोकरीची वर्षे, अखंड आहे की नाही, एवढेच तपासा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे फोटो काढता येत नाहीत, पण कामगाराच्या म्हातारपणी त्याच्या हाती काय पडणार हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

पीएफसाठी वेतनाच्या बारा टक्के कामगाराचे आणि तितकेच मालकाचे, हा हिशेब तुम्हाला ठाऊक आहेच. मालकाच्या वाट्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जाते आणि १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे ती महिन्याला १,२५० रुपयांच्या वर जात नाही. पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० हे मासिक पेन्शनचे सूत्रही तुम्ही पाठ केले असेल. ज्या ठिकाणी मी अडकलो आणि जेथे आजही रोज कोणी ना कोणी अडकते, ते ठिकाण या सूत्राच्या आधी येते.

माझ्या पहिल्या नोकरीत अशी पद्धत होती की, राजीनामा दिला की शेवटच्या हिशेबाच्या कागदांबरोबर फॉर्म १९ आणि फॉर्म १०-सी हे दोन्ही सहीसाठी पुढे ठेवायचे. पहिला पीएफची रक्कम काढण्याचा आणि दुसरा पेन्शनचे पैसे काढण्याचा, हा फरक तेथे कोणीही सांगत नसे. माझी त्या कंपनीतील पेन्शनची सगळी सेवा त्या एका सहीत पुसली गेली आणि ती वर्षे आता कोणत्याही अर्जाने परत येत नाहीत, याची खंत मला आजही आहे. म्हणून हा मुद्दा मी जरा जास्तच उगाळणार आहे.

पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि ही दहा वर्षे एकाच कंपनीत व्हावी लागत नाहीत. नोकरी बदलली तरी यूएएन (पीएफ सभासदाचा कायमचा क्रमांक) तोच राहिला आणि खाते ट्रान्सफर झाले, तर जुनी सेवा नव्या सेवेला जोडली जाते. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याला १०-सी मध्ये दोन पर्याय असतात: पैसे काढून घेणे, किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेऊन सेवा शाबूत ठेवणे. कामगाराला दुसरा पर्याय असतो हेच बहुधा माहीत नसते, आणि फॉर्म भरून देणारा नेटकॅफेवाला पहिल्यावर टिक करून मोकळा होतो.

आपल्या औद्योगिक वसाहतींत याचा सर्वांत मोठा फटका कंत्राटी कामगारांना बसतो. माणूस त्याच गेटमधून आत येतो, त्याच मशीनवर उभा राहतो, पण तीन-चार वर्षांनी कंत्राटदार बदलतो आणि प्रत्येक वेळी ‘हिशेब’ म्हणून पेन्शनचे पैसेही काढून दिले जातात. समजा, असे चार-चार वर्षांचे तीन कंत्राटदार झाले आणि वेतन १५,००० धरले, तर त्याला दर वेळी सुमारे ६०,००० रुपये मिळतील, म्हणजे तिन्ही मिळून १,८०,००० च्या आसपास. सेवा जोडलेली राहिली असती तर बारा वर्षांवर ५८ व्या वर्षापासून महिना सुमारे २,५७१ रुपये पेन्शन बसली असती. साधारण सहा वर्षांत ती सगळी रक्कम वसूल झाली असती, त्यापुढे तो असेपर्यंत पेन्शन चालू राहिली असती आणि त्याच्यामागे पत्नीला तिचा हिस्सा मिळाला असता. हा हिशेब कामगारासमोर कागदावर, त्याच्या स्वतःच्या आकड्यांनी मांडा. मी आजवर जितक्या जणांसमोर मांडला, त्यातल्या बहुतेकांनी फॉर्म बाजूला ठेवला.

याच सापळ्याचा दुसरा दात अनेक अनुभवी पेरोलवाल्यांच्याही लक्षात येत नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० पेक्षा अधिक पगारावर जो पहिल्यांदाच सभासद होतो, त्याला पेन्शन योजनेत प्रवेशच नाही; त्याचा मालकाकडील पूर्ण वाटा पीएफमध्ये जातो. ज्याने १०-सी भरून पैसे काढले, त्याचे जुने पेन्शन सभासदत्व संपते. मग तो मर्यादेहून अधिक पगारावर नव्या कंपनीत गेला, तर तो नवखा ठरतो आणि योजनेचे दार त्याच्यासाठी बंद होते. म्हणून नव्या माणसाचा फॉर्म ११ (रुजू होताना आधीच्या पीएफ-पेन्शनची माहिती देणारा) भरून घेताना ‘आधी पेन्शन योजनेत होतात का?’ एवढ्यावर थांबू नका, ‘पैसे काढले का?’ हेही विचारा. उत्तर चुकीचे नोंदले गेले तर वर्षानुवर्षे रक्कम भलत्या खात्यात जात राहते आणि ते कळते निवृत्तीच्या वेळी, म्हणजे दुरुस्ती सर्वांत अवघड असते तेव्हा.

मात्र घाबरवून सोडू नका. ट्रान्सफर झाल्यावर एक फिटर मोबाइलवर पासबुक उघडून माझ्या टेबलाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. “साहेब, पेन्शनच्या रकान्यात शून्य दाखवून राह्यलं. माहे पैसे गेले का जी?” त्याला बाजूची खुर्ची दिली आणि दोघांनी मिळून सेवेचा तपशील उघडला. जुन्या कंपनीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख तेथे नीट दिसत होती. ट्रान्सफरमध्ये पीएफची रक्कम पुढे सरकते, पण पेन्शनच्या बाबतीत रुपये सरकत नाहीत, सेवेची नोंद सरकते. शून्य दिसणे ही अडचण नसते. तारीख नसणे ही असते. त्याने त्या तारखांवरून दोनदा बोट फिरवले आणि मग तो शिफ्टवर गेला.

तारखांबाबत मात्र मी कठोर आहे. सोडण्याची तारीख भरली नाही, किंवा जुन्या आणि नव्या नोकरीचे दिवस एकमेकांवर चढले, तर दावा अडतो. आधार, पॅन आणि बँक यांत नावाचे स्पेलिंग वेगळे असले तरी तेच होते. कामगार नोकरीत असताना ही दुरुस्ती थोड्या खटपटीत होते; जुनी कंपनी बंद पडली की सही करायलाही कोणी उरत नाही.

मार्गदर्शनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या कार्यालयात वीस-पंचवीस वर्षे पीएफचे चलन भरणारे एखादे काका असतील, तर त्यांच्याजवळ बसा. कोणत्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा ते अधिक शिकवतील. ‘दोन हजारांत पीएफ काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांना गेटच्या आत येऊ देऊ नका. विमा किंवा योजना विकणाऱ्यांना कॅन्टीनमध्ये टेबल मांडू देण्यालाही माझा विरोध आहे, कारण कामगार त्यांना कंपनीचाच माणूस समजतो आणि विश्वासाने सही करतो. तुम्ही स्वतःही कोणत्या फंडात पैसे टाकावेत हे सांगू नका; त्या सल्ल्यासाठी सेबीकडे नोंदणी लागते आणि ते आपले काम नाही.

पेन्शनची रक्कम तुटपुंजी आहे, हेही लपवू नका. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, तीत महागाईप्रमाणे वाढ होत नाही, आणि ७,५०० रुपयांची मागणी करणारे निवृत्त कामगार वर्षानुवर्षे आंदोलन करीत आहेत. कामगाराला हे आधी कळले तर भिशी, पोस्टातील बचत किंवा ऐच्छिक पीएफ यांचा विचार तो वेळेवर करतो. तरीही ही योजना सोडून देण्यासारखी नाही, कारण नोकरीत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला पेन्शन मिळते, आणि त्याखेरीज पीएफबरोबरच मिळणाऱ्या ठेवसंलग्न विम्यातून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. ई-नॉमिनेशन (वारसाची ऑनलाइन नोंद) झालेले असले की हा दावा सोपा होतो. लग्नाआधी आईचे नाव दिलेले असते आणि मुले शाळेत जाऊ लागली तरी ते तसेच राहते. म्हणून लग्नाची रजा मंजूर करतानाच मी नव्या नॉमिनेशनची आठवण करून देतो.

तुमच्याकडून सुटत नाही असे प्रकरण असेल, तर कामगाराला एकटे पाठवू नका. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालयाचे ‘निधी आपके निकट’ शिबिर असते. तेथे यूएएन, सेवेच्या तारखा आणि आधीच्या अर्जांच्या प्रती घेऊन त्याच्याबरोबर स्वतः जा. आणि ज्यांची ५८ वर्षे पुढच्या वर्षात भरणार आहेत, त्यांची यादी आजच काढून जन्मतारीख, बँक खाते आणि पतिपत्नीचा एकत्र फोटो तयार ठेवा, म्हणजे पेन्शन सुरू करण्याचा अर्ज, फॉर्म १०-डी, त्यांच्या शेवटच्या पगाराबरोबरच रवाना होईल.