बँकेच्या शाखेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी: पासवर्ड, पासिंग आणि ‘घरचं वातावरण’

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं, “आपल्याकडे सगळं घरच्यासारखं आहे.” ते कितपत खरं, हे संध्याकाळी कॅश जुळवताना कळतं. फरक मोठ्याने सांगता आला तर चौघं मिळून शोधतात. ३०० चा असेल तर बहुधा २०० च्या जागी ५०० ची नोट गेलेली असते. ९ ने भाग जात असेल तर आकडे उलटे पडलेत का बघा, १२,००० चे २१,००० वगैरे. जिथे ओरडा बसतो तिथे माणूस गुपचूप खिशातून भरतो, आणि तीच चूक पुन्हा होते.

पण खरा सापळा प्रेमळ शाखेत असतो. चार वाजलेत, रांग हटत नाही, आणि सीनियर म्हणतात, “तुझा आयडी दे, मी पास करून घेतो.” मागणारा बहुतेक वेळा सज्जनच असतो, म्हणून नाही म्हणायला जीभ रेटत नाही. देऊ नका. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. दोन्ही आयडी एकाच्या हाती गेले की तपासणारं कुणी उरत नाही. बोटाच्या ठशाने लॉगिन करून खुर्ची सोडणं हेही तेच. सिस्टममध्ये आयडी नोंदला जातो, माणूस नाही. चौकशीत “सरांनी सांगितलं होतं” हे तोंडी राहतं. लॉगमध्ये नाव तुमचं असतं. “सर, दोन मिनिटांत मीच येऊन पास करतो,” एवढं म्हणा. पास करताना खाते क्रमांक, तारीख, सही, अंकी-अक्षरी रक्कम बघायला अर्धा मिनिट लागतो. सुरुवातीला हात संथ चालतो, चालू द्या.

“यांनी वर्षानुवर्षं रजा घेतली नाही” हे कौतुक ऐकलंत तर सावध व्हा. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवावं, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितलंय. त्या दिवसांत टेबल दुसऱ्याच्या हाती जातं आणि दडलेलं वर येतं. शिकायचं तर झटपट युक्त्या सांगणाऱ्याकडून नको. व्हाउचर, म्हणजे व्यवहाराचा कागद, हातात घेतल्याशिवाय पास न करणाऱ्या खडूस माणसाकडून शिका.

पासवर्ड आधीच दिला असेल तरी घाबरून गप्प बसू नका. आजच बदला, तुमच्या आयडीवरच्या त्या दिवसांतल्या एंट्र्यांचा रिपोर्ट काढा, एकेक व्हाउचरशी ताडून बघा. न जुळणारी एंट्री दिसली तर त्याच दिवशी शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या.