राष्ट्रीय उद्यानात दिवस कसा घालवावा

अमेरिकेतल्या कुठल्याही राष्ट्रीय उद्यानात शिरले की मी आधी माहिती केंद्र गाठते. कोणती वाट बंद आहे, पाणी कुठे मिळेल, हे तिथल्या वनरक्षकांना विचारावं. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून घ्या, आत रेंज मिळेलच असं नाही. निघायचं मात्र पहाटेच. तिरप्या उन्हात खडकांचे थर काय सुंदर उठून दिसतात!

दरीत उतरणार असाल तर हिशेब उलटा मांडा. ग्रँड कॅन्यनमध्ये उतार आधी येतो आणि दमछाक करणारा चढ शेवटी, तोही तापलेल्या उन्हात. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. निम्मं पाणी संपायच्या आत मागे फिरा, पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी.

यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून किमान ९१ मीटर, बायसन या रानगव्यासारख्या दांडग्या प्राण्यापासून २३ मीटर लांब राहावं लागतं. बायसन शांतपणे चरताना दिसला तरी गाफील राहू नका. त्याची शेपटी उभी झाली की तो चिडलाय असं समजा आणि लगेच मागे सरका. फोटोसाठी जवळ जाणाऱ्यांना मी सरळ हटकते.

इतिहासासाठी वेगळा वेळ राखून ठेवा. मेसा व्हर्दे हे उद्यान १९०६ साली झालं ते पुएब्लो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी कड्याच्या कपारीत बांधलेली दगडी घरं जपण्यासाठी. त्यातलीच एक वस्ती म्हणजे क्लिफ पॅलेस; तो आतून पाहायचा तर वनरक्षकांबरोबरच जावं लागतं, म्हणून तिकीट आधीच काढा. भिंतींना टेकू नका, हातही लावू नका.